घोरपडे (आडनाव)

घोरपडे हे मराठी भाषेतील एक आडनाव आहे. महाराष्ट्राचा दक्षिण भाग, विशेषतः कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे, तसेच उत्तर व पूर्व कर्नाटकातील बागलकोट, गदग आणि बळ्ळारी या जिल्ह्यांशी या आडनावाचा ऐतिहासिक संबंध आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील सेनापती कापशी, इचलकरंजी व दत्तवाड आणि कर्नाटकातील मुधोळ, गजेंद्रगड व संडूर ही या आडनावाच्या घराण्यांची प्रमुख ठाणी होत. मराठ्यांच्या इतिहासातील सेनापती संताजी घोरपडे यांच्यामुळे हे आडनाव सर्वपरिचित झाले. मात्र हे आडनाव लावणारी सर्व कुटुंबे एकाच वंशातील नाहीत. किमान एका मोठ्या घराण्याने ते जन्माने नव्हे, तर कृतज्ञतेपोटी धारण केल्याची परंपरा आहे.

व्युत्पत्ती

‘घोरपडे’ हे आडनाव ‘घोरपड’ या प्राणिनामापासून बनले आहे. घोरपड हा सरड्याच्या वर्गातील मोठा सरपटणारा प्राणी होय. त्यास संस्कृतात ‘गोधा’, हिंदीत ‘गोह’ आणि कानडीत ‘उडा’ म्हणतात. मराठीत पशुपक्ष्यांच्या नावांवरून आडनावे बनण्याची पद्धत जुनी असून लांडगे, कोल्हे, कावळे, सरडे, ससाणे, घारे ही तिची परिचित उदाहरणे आहेत. ‘घार’ या स्त्रीलिंगी नामावरून जसे ‘घारे’, तसेच ‘घोरपड’ या स्त्रीलिंगी नामावरून ‘घोरपडे’ हे रूप सिद्ध होते. अशा आडनावांतील अंत्य एकार हा आदरार्थी बहुवचनाचा असतो.

आडनावाचे सामान्यरूप ‘घोरपड्या-’ असे होते (घोरपड्यांनी, घोरपड्यांचा वाडा), तर प्राणिनामाचे ‘घोरपडी-’ असे होते (घोरपडीने, घोरपडीची शेपटी). पुणे शहरातील ‘घोरपडी’ हे स्थलनाम आणि ‘घोरपडे पेठ’ हे पेठेचे नाव ही दोन वेगवेगळी नावे असून, त्यांपैकी दुसरेच घोरपडे सरदारांवरून पडलेले आहे.

प्राण्यांच्या नावांवरून आडनावे पडणे ही केवळ महाराष्ट्रातील रीत नाही. चेक भाषेत ‘वल्क’ (लांडगा) आणि ‘झायीत्स’ (ससा) ही आडनावे आढळतात, तर जर्मन भाषेत ‘वोल्फ’ (लांडगा) हे आडनाव प्रचलित आहे. तथापि, अशा बहुतेक आडनावांचा उगम एखाद्या पूर्वजाच्या टोपणनावात शोधला जातो. घोरपडे या आडनावामागे मात्र एका विशिष्ट किल्ल्याची व एका विशिष्ट पराक्रमाची कथा सांगितली जाते.

नावाची आख्यायिका

मुधोळच्या घोरपडे घराण्यातील परंपरेनुसार हे आडनाव बहमनी राजवटीत मिळालेले आहे. बहमनी सुलतान तिसरा मुहम्मदशाह याचा वजीर महमूद गावान याने इ.स. १४६९ मध्ये कोकणातील किल्ल्यांविरुद्ध मोहीम उघडली. खेळणा हा किल्ला काही केल्या हाती येईना. तेव्हा बहमनी सैन्यातील कर्णसिंह व त्यांचा पुत्र भीमसिंह यांनी घोरपडीच्या कमरेला दोर बांधून तिला कड्यावर चढवले व त्या दोराच्या आधाराने किल्ल्यात प्रवेश मिळवला. या झुंजीत कर्णसिंह कामी आले. इ.स. १४७१ मध्ये सुलतानाने भीमसिंहांना ‘राजा घोरपडे बहादूर’ हा किताब आणि मुधोळ व आसपासच्या चौऱ्यांशी गावांची जहागीर दिली, असे ही परंपरा सांगते.

खेळणा म्हणजे सध्याच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील विशाळगड होय. हे नाव त्यास शिवाजी महाराजांच्या काळात मिळाले. सह्याद्रीच्या गर्द रानातील या किल्ल्याची दुर्गमता बहमनी सत्तेने महमूद गावानच्या आधीच अनुभवली होती. इ.स. १४५३ मध्ये मलिक-उत्-तुज्जार याच्या नेतृत्वाखालील बहमनी फौज शिर्क्यांनी याच किल्ल्याच्या वाटेवरील अरण्यात नेऊन कापून काढली होती. त्यामुळे खेळणा जिंकणाऱ्यास मोठे बक्षीस मिळावे, ही गोष्ट त्या काळाच्या संदर्भात असंभाव्य नाही.

आख्यायिकेची चिकित्सा

या कथेचा विचार करताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट कथेच्या प्राचीनतेची. ग्रँट डफ यांच्या इ.स. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात घोरपड्यांचे मूळ आडनाव भोसले असल्याचे आणि कोकणातील एका अजिंक्य समजल्या गेलेल्या किल्ल्यावर घोरपडीच्या साहाय्याने प्रथम चढल्यामुळे नवे आडनाव मिळाल्याचे नोंदवले आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही कथा घराण्यात रूढ झालेली होती.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. मुधोळ संस्थानच्या दप्तरातील फार्सी फर्मानांच्या आधारे दत्तात्रय विष्णु आपटे यांनी घोरपडे घराण्याचा इतिहास लिहिला. तो इ.स. १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. या फर्मानांतून घोरपडे व भोसले ही एकाच वंशाची दोन कुळे ठरतात. कर्णसिंहांपासून घोरपडे, तर त्यांचे बंधू शुभकृष्ण यांच्यापासून वेरूळचे भोसले, अशी ही वंशावळ आहे. ती पुढे चितोडच्या सिसोदिया घराण्यापर्यंत नेली जाते. शिवाजी महाराजांच्या वंशाचा प्रश्न यात गुंतलेला असल्याने या फर्मानांना असाधारण महत्त्व आले. त्यांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. काहींनी ती ग्राह्य मानली, तर सर जदुनाथ सरकार यांच्यासारख्यांनी त्यांविषयी शंका घेतली. फर्माने अस्सल मानली, तर आडनावाचा उगम इ.स. १४७१ इतका निश्चित सांगता येतो. ती बाजूला ठेवली, तर हाती उरते ती केवळ घराण्याची स्मृती.

तिसरी गोष्ट प्राण्याची. घोरपडीचे पंजे बळकट असतात, नख्या वाकड्या व तीक्ष्ण असतात आणि कपारीत शिरून अंग फुगवल्यावर तिला ओढून काढणे कठीण जाते. ‘घोरपडीसारखा चिकटणे’ हा मराठी वाक्प्रचार या निरीक्षणातूनच आला आहे. परंतु भारतातील सामान्य घोरपडीची लांबी शेपटीसह जास्तीत जास्त पावणेदोन मीटरच्या आसपास असते आणि वजन काही किलोग्रॅम. तिने उघड्या कड्यावर दोराला लटकलेल्या माणसाचा भार पेलावा, हे तिच्या शरीरमानाशी जुळत नाही. तानाजी मालुसरे यांनी इ.स. १६७० मध्ये सिंहगड घेतला, त्या प्रसंगीही ‘यशवंती’ नावाच्या घोरपडीची कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून लोकप्रिय झाली. एकच कल्पना दोन किल्ल्यांच्या बाबतीत आढळते. यावरून दुर्गम गड सर करणाऱ्या वीराच्या चिकाटीचे रूपक म्हणून घोरपड लोकमानसात रुजलेली होती, असे म्हणता येते. चिकाटीवरून पडलेल्या उपनामास पुढे कथेची जोड मिळाली असणे, किंवा घोरपड हे कुळाचे चिन्ह असणे, या शक्यताही विचारात घ्याव्या लागतात.

भोसले व घोरपडे

मराठा समाजाच्या कुळपरंपरेत घोरपडे हे भोसले कुळाचे उपकुळ मानले जाते. सतराव्या शतकातील राजकारणात मात्र ही दोन घराणी परस्परांसमोर उभी राहिली. इ.स. १६४८ च्या जुलै महिन्यात जिंजीजवळ विजापूरचा सेनापती मुस्तफाखान याच्या हुकमावरून शहाजीराजांना कैद करण्यात आले. त्या कामी मुधोळचे बाजी घोरपडे पुढे होते. पुढे इ.स. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर हल्ला केला व त्यात बाजी घोरपडे मारले गेले.

या वैराचा दुसरा अध्याय वेगळ्या वळणाचा आहे. इ.स. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी भागानगरहून शिवाजी महाराजांनी बाजींचे पुत्र मालोजी घोरपडे यांना पत्र लिहिले. मागील दावा दोन्ही बाजूंनी विसरावा, विजापूरची पातशाही पठाणांच्या हाती गेली असता मराठ्यांनी एकत्र यावे आणि मालोजींनी कुतुबशाहीच्या पक्षात यावे, असा या पत्राचा आशय आहे. वडिलांना कैद करणाऱ्याच्या मुलाला लिहिलेले हे पत्र मराठ्यांच्या राजकीय विचाराच्या अभ्यासात वारंवार उद्धृत केले जाते. मालोजी विजापूरच्याच चाकरीत राहिले.

प्रमुख शाखा

ग्रँट डफ यांनी घोरपडे घराण्याच्या कापशी व मुधोळ अशा दोन मुख्य शाखा सांगितल्या असून, ‘सातकस’ व ‘नवकस’ अशी त्यांची विभागणी नोंदवली आहे.

मुधोळ शाखा : घटप्रभा नदीच्या काठावरील मुधोळ येथील ही शाखा आदिलशाहीच्या अखेरपर्यंत विजापूरकरांच्या सेवेत होती. ब्रिटिश काळात मुधोळ हे स्वतंत्र संस्थान होते. इ.स. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. सध्या मुधोळ कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. येथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी स्थानिक शिकारी कुत्र्यांच्या जातीचे संगोपन केले व इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना अशा कुत्र्यांची जोडी भेट दिली. ‘मुधोळ हाउंड’ या नावाने ही जात आज ओळखली जाते.

कापशी शाखा : कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात चिकोत्रा नदीच्या काठी वसलेले कापशी हे या शाखेचे ठाणे होय. म्हाळोजी घोरपडे हे संभाजी महाराजांच्या काळातील सेनापती होते. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे महाराज पकडले गेले, त्या झुंजीत म्हाळोजी धारातीर्थी पडले. त्यांचे तीन पुत्र संताजी, बहिर्जी व मालोजी यांना छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात अनुक्रमे ‘ममलकतमदार’, ‘हिंदुराव’ व ‘अमीर-उल-उमराव’ हे किताब मिळाले. संताजींनी तुळापूरजवळील औरंगजेबाच्या छावणीवर छापा घालून बादशाही डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून आणले. इ.स. १६९५ च्या अखेरीस दोड्डेरी येथे कासिमखानाचा आणि इ.स. १६९६ च्या आरंभी बसवापट्टण येथे हिंमतखानाचा त्यांनी पराभव केला. राजाराम महाराजांशी वितुष्ट आल्यानंतर इ.स. १६९७ मध्ये शंभूमहादेवाच्या डोंगराळ मुलखात नागोजी माने यांच्याकडून त्यांचा वध झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे त्यांची समाधी दाखवली जाते. संताजींच्या वंशजांकडे कापशीची जहागीर कोल्हापूर संस्थानच्या आधिपत्याखाली चालू राहिली. सेनापतिपदावरून गावाचे नावही ‘सेनापती कापशी’ असे रूढ झाले. कोल्हापुरी चपलांचा ‘कापशी’ हा प्रकार याच गावाच्या नावाने ओळखला जातो.

हिंदुराव शाखा : बहिर्जींच्या वंशजांनी तुंगभद्रेच्या आसपासच्या प्रदेशात सत्ता स्थापन केली. गजेंद्रगड, संडूर व गुत्ती ही त्यांची ठाणी होत. गुत्तीचे मुरारराव घोरपडे हे अठराव्या शतकातील कर्नाटकच्या राजकारणातील एक प्रभावी सरदार होते. इ.स. १७४१ मध्ये रघूजी भोसले यांनी त्रिचनापल्ली जिंकल्यावर तेथील कारभार मुराररावांकडे आला व इ.स. १७४३ पर्यंत तो त्यांच्याकडे होता. इ.स. १७५१ च्या अर्काटच्या वेढ्याच्या वेळी त्यांच्या फौजेच्या हालचालीमुळे क्लाइव्हला मदत झाली. तत्कालीन इंग्रजी लेखनात त्यांचा उल्लेख ‘मोरारी रो’ असा येतो. इ.स. १७७६ मध्ये हैदर अलीने गुत्ती घेतली आणि मुराररावांचा मृत्यू कब्बलदुर्गच्या कैदेत झाला. संडूर हे लहानसे संस्थान मात्र टिकून राहिले. इ.स. १९४९ मध्ये ते भारतीय संघराज्यात विलीन झाले व सध्या बळ्ळारी जिल्ह्यात मोडते.

दत्तवाड : कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील दत्तवाड येथेही घोरपडे घराण्याची एक शाखा जहागीरदार होती.

इचलकरंजीचे घोरपडे

इचलकरंजीच्या जहागीरदार घराण्याचे आडनाव घोरपडे असले, तरी ते मराठा कुळातील नसून कोकणस्थ ब्राह्मण आहे. या घराण्याचे मूळ आडनाव जोशी आणि मूळ गाव सध्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील म्हापण. घराण्याचे मूळपुरुष नारो महादेव जोशी हे लहानपणी आपल्या विधवा आईसह घाटावर आले व कापशीच्या घोरपड्यांच्या आश्रयास राहिले. त्यांची हुशारी पाहून त्यांना कारभारात घेण्यात आले व पुढे संताजींच्या पदरी त्यांचा उत्कर्ष झाला. धन्याविषयीच्या कृतज्ञतेने त्यांनी जोशी हे आडनाव सोडून घोरपडे हे आडनाव घेतले, अशी परंपरा आहे.

या आडनाव-बदलात गोत्र, कुलाचार किंवा जात यांत काहीही बदल झाला नाही. बदलले ते केवळ नाव. आडनाव आणि वंश या दोन गोष्टी एकच नव्हेत, याचे मराठी इतिहासातील हे ठळक उदाहरण होय. दत्तकविधानाने आडनाव बदलणे ही परिचित गोष्ट आहे. येथे मात्र दत्तकविधान नसताना सेवकाने धन्याचे आडनाव स्वेच्छेने घेतले आणि ते पुढील पिढ्यांनी टिकवले.

नारो महादेव यांचे पुत्र व्यंकटराव यांचा विवाह पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनुबाई यांच्याशी झाला. त्यामुळे पहिले बाजीराव व चिमाजीअप्पा हे व्यंकटरावांचे मेहुणे झाले आणि कापशीच्या आश्रयाने उदयास आलेले हे घराणे पुण्याच्या सत्ताकेंद्राशी जोडले गेले. पतीच्या निधनानंतर अनुबाईंनी दीर्घकाळ जहागिरीचा कारभार पाहिला. आजरा हा भागही या जहागिरीत होता.

या घराण्यातील नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत इचलकरंजीत वस्त्रोद्योगाचा पाया घातला गेला. इ.स. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. ग्वाल्हेर गायकीचे आद्य महाराष्ट्रीय प्रचारक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनाही या संस्थानाचा आश्रय लाभला. बुवांचे ‘इचलकरंजीकर’ हे नाव गावावरून पडलेले आहे. एकाच गावात जहागीरदारांचे आडनाव धन्यावरून आणि गवयाचे नाव गावावरून आल्याचे येथे दिसते. या घराण्याचा इतिहास वासुदेव वामन खरे यांनी लिहिला आहे.

किताब आणि आडनाव

घोरपडे घराण्यांत आडनावाबरोबर किताब लावण्याची प्रथा होती. संडूरच्या राजांच्या नावात ‘हिंदुराव घोरपडे’ अशी जोड आढळते, तर कापशीकर ‘सेनापती घोरपडे’ या नावाने ओळखले जातात. कोल्हापूर संस्थानातील इतर सरदार घराण्यांतही हीच पद्धत दिसते. चव्हाण घराणे ‘हिंमतबहादूर’, निंबाळकर घराणे ‘सरलष्कर’ आणि कागलचे घाटगे घराणे ‘सर्जेराव’ या किताबांनी प्रसिद्ध आहे. मुधोळची परंपरा ग्राह्य धरली, तर ‘घोरपडे’ हे आडनाव स्वतःच मुळात एक किताब ठरते.

प्रसार

घोरपडे आडनावाची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांत, मराठवाड्यात आणि उत्तर कर्नाटकात आढळतात. पुणे, मुंबई व बडोदा या शहरांतही ती स्थायिक झाली आहेत. अठराव्या शतकातील लष्करी हालचालींमुळे हे आडनाव आंध्र व तमिळ प्रदेशाच्या सीमेपर्यंत पोहोचले. कर्नाटकातील घोरपडे कुटुंबांच्या व्यवहारात कानडीचा वापर होत असला, तरी आडनावाचे मराठी रूप कायम आहे.

भारतीय जनगणनेत आडनावनिहाय संख्या प्रसिद्ध केली जात नाही. चेक प्रजासत्ताकासारख्या देशात शासकीय नोंदवहीवरून एखादे आडनाव किती जणांचे आहे, हे पाहता येत असे. महाराष्ट्रात त्यासाठी मतदारयाद्या, शाळांची पटपुस्तके व जमिनीचे उतारे अशा विखुरलेल्या साधनांवर अवलंबून राहावे लागते.

हे आडनाव केवळ मराठा व ब्राह्मण समाजांपुरते मर्यादित नाही. ते अन्य जातिसमूहांतही आढळते. त्यामुळे केवळ आडनावावरून जात, कूळ किंवा सरदार घराण्याशी नाते ठरवता येत नाही. त्यासाठी गोत्र, देवक, कुलदैवत, मूळ गाव आणि वतनाची कागदपत्रे यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

उल्लेखनीय व्यक्ती

• म्हाळोजी घोरपडे – संभाजी महाराजांच्या काळातील मराठा सेनापती
• संताजी घोरपडे – राजाराम महाराजांच्या काळातील मराठा सेनापती
• बहिर्जी घोरपडे – ‘हिंदुराव’ किताबाचे मानकरी
• नारो महादेव घोरपडे (मूळ आडनाव जोशी) – इचलकरंजी घराण्याचे मूळपुरुष
• अनुबाई घोरपडे – पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या, इचलकरंजी जहागिरीच्या कारभारी
• मुरारराव घोरपडे – गुत्तीचे सरदार
• नारायणराव बाबासाहेब घोरपडे – इचलकरंजीचे जहागीरदार
• जयसिंगराव घोरपडे (१९३०–१९७८) – बडोद्याचे क्रिकेटपटू, भारताकडून ८ कसोटी सामने खेळले
• मुरारीराव यशवंतराव घोरपडे (१९३१–२०११) – संडूरच्या राजघराण्यातील राजकारणी, कर्नाटकचे माजी अर्थमंत्री व वन्यजीव छायाचित्रकार

हे सुद्धा पहा

• भोसले घराणे
• विशाळगड
• सेनापती कापशी
• इचलकरंजी संस्थान
• मुधोळ संस्थान
• संडूर संस्थान